बर्लिनच्या बाल्कनीतली सुगी : तीन रोपे, पन्नास ग्रॅम आणि एक भिंग

प्रतिनिधी

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. बर्लिनमध्ये सकाळी सात वाजून गेल्यावर कुठे उजाडते. दव इतके पडलेले असते की बाल्कनीचे कठडे हाताला ओले लागतात. टोमॅटोची रोपे वाळून गेलेली असतात, तुळशीसारखी नाजूक झाडे घरात घेतलेली असतात. पण काही बाल्कन्यांत एक-दोन कुंड्या अजूनही बाहेर असतात. त्यांतल्या पुरुषभर उंचीच्या रोपांना चिकट, उग्र वासाचे तुरे आलेले असतात. घरमालक रोज सकाळी भिंग घेऊन त्या तुऱ्यांवर वाकतो आणि मनाशी एकच प्रश्न करतो : आज कापायचे, की आणखी चार दिवस थांबायचे?

हे रोप गांजाचे आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत ते घरी लावणे हा गुन्हा राहिलेला नाही. कापणीची वेळ ओळखणे हा त्यामुळे तेथे गल्लीबोळातला कुजबुजीचा विषय न राहता, गुलाबाची छाटणी किंवा सफरचंदाची तोडणी यांसारखा बागकामाचा प्रश्न झाला आहे. तथापि हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्यात वनस्पतिशास्त्र आहे, हवामान आहे, गैरसमज आहेत आणि शेवटी कायद्याचा तराजूही आहे. जर्मनीत शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांच्या दृष्टीने तर त्याला आणखी एक बाजू आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते.

कायद्याने काय दिले?

जर्मन संसदेने, म्हणजे बुंडेस्टागने, २३ फेब्रुवारी २०२४ रोजी गांजाविषयक नवा कायदा संमत केला. त्यानुसार १८ वर्षांवरील व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी राहत्या घरी एका वेळी तीन रोपे लावता येतात. त्यासाठी त्या व्यक्तीचे किमान सहा महिने जर्मनीत वास्तव्य असावे लागते. घरात प्रत्येक प्रौढ व्यक्तीमागे ५० ग्रॅमपर्यंत आणि बाहेर जवळ २५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगण्यास मुभा आहे. घरचे पीक विकता येत नाही आणि मित्राला फुकटही देता येत नाही. मुलांचा हात पोहोचणार नाही, चोरी होणार नाही अशी काळजी घेणे लावणाऱ्यावर बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या निकट सान्निध्यात त्याचे सेवन करण्यास मनाई आहे.

अशी मुभा देणारा जर्मनी हा पहिला देश नव्हे. उरुग्वेने २०१३ च्या कायद्याने घरटी सहा रोपांना परवानगी दिली. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार रोपे चालतात. मात्र क्यूबेक प्रांताने घरची लागवड बंदच ठेवली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रांताचा तो अधिकार मान्य केला. युरोपात माल्टाने २०२१ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०२३ मध्ये चार रोपांपर्यंत सवलत दिली. या सर्व ठिकाणी सरकारने रोपांची संख्या ठरवून दिली. रोप केव्हा कापायचे हे मात्र कोणताही कायदा सांगत नाही. ते ज्याचे त्याने रोपाकडे पाहून ठरवायचे असते.

पीक पानांचे नव्हे, फुलांचे

गांजाच्या रोपाचे चित्र म्हटले की सात बोटांचे पान डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात त्या मोठ्या पानांना या पिकात फारसे मोल नाही. गांजाच्या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात, जसे पपईत असतात. गुंगी आणणारे द्रव्य मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यात साठते. नराचे परागकण मादीच्या फुलावर पडले की झाडाची शक्ती बी धरण्याकडे वळते. परागकण मिळालेच नाहीत तर मादी नवनवी फुले काढत राहते, तुरा दाट होत जातो आणि त्यावरील चिकट राळही वाढते. म्हणून नर झाड ओळखून वेळीच काढून टाकणे ही या पिकातली पहिली परीक्षा.

ही परीक्षा आजची नाही. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ने देशभरातील ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. आज बांगलादेशात असलेल्या नौगाव परिसरात त्या काळी सरकारी परवान्याने गांजाची शेती होत असे. तेथील शेतकरी फुले उमलण्याच्या सुमारास एका जाणकाराला मोल देऊन बोलावीत. त्याला ‘पोद्दार’ म्हणत. इंग्रजी अहवालाने त्याचे नाव ‘गांजा डॉक्टर’ असे नोंदले आहे. ओळीओळींतून फिरत, फुलाची पहिली चाहूल लागताच नर झाडे हेरणे एवढेच त्याचे काम. एखादे नर झाड नजरेतून सुटले तरी आजूबाजूच्या पिकात बी धरत असे आणि मालाचा भाव उतरत असे. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा या पिकासाठी ओळखला जाई. आज जर्मनीतला हौशी माणूस बहुधा केवळ मादी रोपेच देणारे बियाणे विकत घेतो, त्यामुळे पोद्दाराचे अर्धे काम बियाण्याच्या पाकिटातच झालेले असते. उरलेले अर्धे, म्हणजे पक्वता ओळखण्याचे काम, मात्र त्याला स्वतःच करावे लागते.

दिवस मोजून भागत नाही

पेरणीपासून इतक्या दिवसांनी कापणी, असा सरळ हिशेब या पिकाला लागू पडत नाही. गांजाचे झाड दिवसाची लांबी ओळखते. उन्हाळ्यात दिवस मोठे असतात तोवर ते उंच होत जाते, फांद्या फोडते. पण फुलत नाही. रात्र लांबू लागली, अंधाराचा अखंड काळ एका मर्यादेपलीकडे गेला, की ते फुलोऱ्यावर येते. शेवंतीचेही असेच असते.

बर्लिन सुमारे ५२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनमध्ये दिवस पावणेसतरा तासांच्या पुढे जातो. मुंबईत तो सव्वातेरा तासांच्या आसपासच थांबतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात बर्लिनचा दिवस चौदा तासांवर येतो आणि तोपर्यंत उघड्यावरच्या रोपांवर फुलांची लक्षणे दिसू लागलेली असतात. तेथून बहुतेक प्रचलित वाणांना पक्व होण्यास आठ ते दहा आठवडे लागतात. म्हणजे कापणी ऑक्टोबरमध्ये येते. उष्ण कटिबंधातील काही वाण तीन महिने वा त्याहून अधिक काळ फुलत राहतात. केरळच्या डोंगरात जे झाड निवांत पिकेल, ते बर्लिनच्या बाल्कनीत पहिल्या कडाक्याच्या थंडीपर्यंतही तयार होत नाही.

घरात दिव्याखाली लावणारा माणूस हा ऋतू स्वतःच घडवतो. बारा तास दिवा आणि बारा तास काळोख असे वेळापत्रक लावले की रोप फुलू लागते. तिसरा प्रकार ‘ऑटोफ्लॉवर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वाणांचा. त्यांत उत्तरेकडील रानटी प्रकाराचा संकर असतो. ते दिवसाच्या लांबीची वाट न पाहता वय झाले की फुलतात आणि पेरणीपासून साधारण अडीच ते तीन महिन्यांत कापणीला येतात.

या सर्वांत बियाण्याच्या पाकिटावर छापलेले आठवडे हा केवळ अंदाज असतो. थंडी पडली, कुंडी लहान असली, ऊन कमी मिळाले की तो अंदाज चुकतो. नवखा माणूस येथेच फसतो. पाकिटावर आठ आठवडे लिहिले आहेत म्हणून तो आठव्या आठवड्यात कात्री चालवतो आणि तुरा अजून भरायचाच असतो.

मक्याचे केस आणि आंब्याचा पाड

शेतकऱ्याला पीक स्वतःच सांगते, असे आपल्याकडे म्हणतात. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून पाहिला जातो. आंब्याला पाड लागला की उतरणी सुरू होते. नाशिकचा द्राक्ष बागायतदार उपकरणाने रसातली साखर मोजतो. गांजाच्या झाडाचीही अशी काही चिन्हे आहेत आणि अनुभवी माणूस ती एकेकटी न वाचता एकत्र वाचतो.

पहिले चिन्ह तुऱ्यातून बाहेर डोकावणाऱ्या केसांचे. मादी फुलाला परागकण झेलण्यासाठी दोन बारीक तंतू असतात. ते सुरुवातीला पांढरेशुभ्र आणि ताठ असतात. फूल पिकू लागले की ते नारिंगी-तपकिरी होऊन आत वळतात, जसे मक्याच्या कणसाचे केस वाळतात. बहुतेक केस पांढरे असतील तर पीक कच्चे, हे सहसा खरे ठरते. उलट मात्र नेहमी खरे नसते. पावसाचा मारा, फार ऊन, हाताची घासाघीस किंवा पराग पडणे यांमुळेही केस अकाली वाळतात. शिवाय जून तुऱ्यावर काही वेळा नवी पांढरी फुले येत राहतात. त्यामुळे केवळ केसांवर विसंबून निर्णय घेणारा अनेकदा चुकतो.

दुसरे चिन्ह फुलाला कवटाळून असलेल्या इवल्या हिरव्या आवरणाचे. पक्वता जवळ आली की ही आवरणे बी नसतानाही फुगतात, एकमेकांवर दाटतात आणि तुरा हाताला घट्ट लागतो. तिसरे चिन्ह पानांचे. खालची मोठी पाने पिवळी पडून गळू लागतात, कारण झाड त्यांतले नत्र वर फुलांकडे नेत असते. पण पिवळे पान हे उपासमारीचे किंवा पाणी साचल्याचेही लक्षण असू शकते. म्हणून ते साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

निर्णायक चिन्ह डोळ्यांना नीट दिसतच नाही. तुऱ्यावर आणि त्याच्या लगतच्या लहान पानांवर साखर भुरभुरल्यासारखी जी चकाकी दिसते, ती असंख्य सूक्ष्म ग्रंथींची असते. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक ग्रंथी देठावर ठेवलेल्या काचेच्या गोळीसारखी दिसते. या गोळीतच झाडाची राळ तयार होते. साध्या भिंगाने काम भागत नाही. तीस ते साठ पट मोठे दाखवणारे, जवाहिरे वापरतात तसे भिंग लागते.

कच्च्या ग्रंथी पाण्यासारख्या पारदर्शक असतात. भरत आल्या की त्या दुधाळ, धुरकट होतात. पुढे त्यांतील काही मधासारख्या पिवळ्या-तपकिरी होऊ लागतात. बहुतेक ग्रंथी दुधाळ झाल्या, पारदर्शक क्वचितच उरल्या आणि थोड्याशा मधाळ दिसू लागल्या, हा टप्पा सर्वसाधारणपणे पक्वतेचा मानला जातो. ही पाहणी तुऱ्यावरच्या ग्रंथींची करायची असते. मोठ्या पानांवरील ग्रंथी आधीच रंग बदलतात आणि दिशाभूल करतात. झाडाचा शेंडाही खालच्या फांद्यांच्या आधी पिकतो, त्यामुळे एकाच जागी पाहून भागत नाही. काही जण शेंडे आधी कापतात आणि खालच्या फांद्यांना आणखी आठवडाभर ऊन देतात. एकाच झाडावरचे आंबे दोन खेपांत उतरवावेत, तसाच हा प्रकार.

रंगामागचे रसायन

ग्रंथीत तयार होणारे मूळ द्रव्य आम्लाच्या रूपात असते आणि त्या रूपात ते गुंगी आणत नाही. उष्णता मिळाली की त्याचे रूपांतर टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, या द्रव्यात होते. इस्रायली शास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना उलगडली. हवा, प्रकाश आणि उष्णता यांच्या संपर्कात टीएचसी हळूहळू जीर्ण होते आणि त्यातून कॅनाबिनॉल हे सौम्य द्रव्य बनते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फूल पिकत जाते तसतशी या ग्रंथींची घडण आणि त्यांतील द्रव्येही बदलतात, हे सूक्ष्मदर्शकातून दाखवून दिले. भिंगातून पाहण्याच्या जुन्या रिवाजाला त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाला.

याच रंगांवरून एक समजही रूढ झाला आहे : दुधाळ असताना कापले तर तरतरी येते आणि मधाळ होऊ दिले तर झोप येते. तो जसाच्या तसा मानण्यास पुरेसा पुरावा नाही. झोपेचे श्रेय ज्या कॅनाबिनॉलला दिले जाते, ते मानवी झोपेवर ठामपणे काम करते हे सिद्ध झालेले नाही. परिणाम वाण, मात्रा, सेवनाची पद्धत आणि व्यक्तीची प्रकृती यांवर अधिक अवलंबून असतो. रंगावरून पीक तयार आहे की नाही एवढे कळते. ते किती तीव्र आहे, हे घरच्या भिंगाला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. आजच्या अनेक वाणांत टीएचसीचे प्रमाण १५ ते २० टक्के वा त्याहून अधिक असते, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

राखाडी बुरशीशी शर्यत

शास्त्र सांगते थांबा आणि आकाश सांगते घाई करा, अशी जर्मनीतल्या ऑक्टोबरची अवस्था असते. धुके, दव आणि रिमझिम पावसात तुऱ्याच्या आतल्या भागात ओल टिकून राहते आणि तेथे राखाडी बुरशी धरते. द्राक्षांच्या घडांना ग्रासणारी ‘बोट्रायटिस’ ती हीच. दाट, भरलेला तुरा तिला सर्वांत प्रिय. बाहेरून एखादे लहान पान अकारण वाळलेले दिसते; ओढले की सहज हातात येते आणि आत पाहावे तर तुरा तपकिरी होऊन कुजलेला असतो. आठवडाभराच्या थांबण्याने थोडी पक्वता वाढेल, पण तेवढ्यात सारे पीकही जाऊ शकते.

म्हणून जाणते लोक अशा वेळी थोडे कच्चे पीक पत्करतात. बुरशी लागलेला भाग कापून उरलेला वापरावा, हा मोह मात्र धोक्याचा आहे. बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत. धुरावाटे ते फुफ्फुसात गेले तर रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांना गंभीर संसर्ग होऊ शकतो. औषधाच्या दुकानातील मालाची तपासणी झालेली असते. बाल्कनीतल्या मालाची तपासणी करणारा, लावणाऱ्यावाचून दुसरा कोणी नसतो.

कापणीनंतर तराजू

कापलेल्या ताज्या तुऱ्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असते. काळोख्या, हवेशीर आणि थंडसर खोलीत तो आठवडा-दोन आठवडे टांगून वाळवावा लागतो. बारीक काडी वाकवली असता लवण्याऐवजी कट्‌कन मोडली, की तो वाळला असे समजतात. घाईने उन्हात वा भट्टीत वाळवला तर सुगंधी द्रव्ये उडून जातात. ओलसर असताना डब्यात कोंबला तर पुन्हा बुरशी.

आणि येथेच कायदा दाराशी येऊन उभा राहतो. जर्मन कायद्यातील ५० ग्रॅमची मर्यादा वाळलेल्या वजनाची आहे. साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम ताजे तुरे वाळून सुमारे ५० ग्रॅम भरतात. पण उघड्यावर चांगल्या मातीत वाढलेले एकच झाड याहून कितीतरी अधिक देऊ शकते आणि कायद्याने तर तीन झाडांना परवानगी दिली आहे. म्हणजे तीन झाडे कायदेशीर आणि त्यांचे पूर्ण पीक मात्र बेकायदा, अशी स्थिती उद्भवते. पन्नास ग्रॅमवरचा माल नष्ट करावा लागतो. तो देताही येत नाही. घरात ५० ते ६० ग्रॅमपर्यंत आढळल्यास दंडाची कारवाई होते. ६० ग्रॅमच्या वर तो फौजदारी गुन्हा ठरतो.

त्यामुळे जर्मनीतला समंजस माणूस कापणीचा विचार कापणीच्या दिवशी करत नाही, पेरणीच्या दिवशी करतो. तो लहान कुंडी निवडतो, तिन्ही रोपे एकदम न लावता अंतराने लावतो किंवा एकाच रोपावर समाधान मानतो. ‘पीक केव्हा तयार होईल’ या प्रश्नाआधी ‘पीक किती येईल’ हा प्रश्न त्याला सोडवावा लागतो. वाहनचालकांसाठीही नियम ठरले आहेत. रक्तद्रवात प्रतिमिलिलिटर ३.५ नॅनोग्रॅम टीएचसी ही मर्यादा तेथे ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे.

आरोग्याची बाजूही नजरेआड करता येत नाही. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते आणि त्या वयातील नियमित सेवन स्मरणशक्ती व एकाग्रतेला मारक ठरते, असा वैद्यकीय इशारा आहे. वारंवार आणि तीव्र मात्रेतील सेवनाने मनोविकृतीचा धोका वाढतो. कुटुंबात असा आजार असणाऱ्यांना तो अधिक असतो. अगदी योग्य दिवशी कापलेले पीकही या धोक्यांपासून मुक्त नसते.

पासपोर्ट भारतीय असेल तर

जर्मनीत राहणारा एखादा मराठी विद्यार्थी म्हणेल, माझे सहा महिन्यांहून अधिक वास्तव्य आहे, वय २५ आहे, तेव्हा एक कुंडी मीही लावीन. जर्मन पोलीस त्याला काही म्हणणार नाहीत. परंतु भारताचा १९८५ चा गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, ज्याला सर्वजण एनडीपीएस कायदा म्हणून ओळखतात, केवळ भारताच्या सीमेत लागू आहे, असा जो समज आहे तो चुकीचा आहे. २००१ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या पहिल्याच कलमात, तो भारताबाहेरील सर्व भारतीय नागरिकांनाही लागू असल्याचे म्हटले आहे. परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला भारतात चालवायचा तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते, हे खरे. तरीही जर्मनीने दिलेली मुभा भारतीय कायद्यापुढे ढाल म्हणून धरता येत नाही. दिवाळीला घरी येताना त्यातला चिमूटभर माल बॅगेत राहिला, तर विमानतळावर तो सरळ आयातीचा गुन्हा ठरतो.

भारतात तर पक्व आणि अपक्व हा भेदच लागवडीच्या गुन्ह्यात नाही. कलम २० नुसार गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एक कुंडी, दोन कुंड्या अशी सवलत त्यात नाही. तंतू आणि बी यांसाठी सरकार परवानगी देऊ शकते आणि त्या आधारे उत्तराखंडाने अत्यल्प टीएचसी असलेल्या भांगेच्या औद्योगिक शेतीला परवाने दिले. पण त्याचा घरच्या कुंडीशी संबंध नाही. आपल्या जमिनीवर असे झाड बेकायदा लावले गेल्याचे कळल्यास पोलिसांना किंवा अधिकाऱ्यांना तत्काळ कळवणे हे जमीनधारकावरही बंधनकारक आहे. ऊस, तूर वा कपाशीच्या आड लावलेली झाडे पोलिसांनी उपटून नेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात, त्यामागे हाच कायदा असतो.

आश्चर्याची गोष्ट ही की, झाडाच्या पक्वतेचा प्रश्न भारतीय न्यायालयांतही येतो. तेथे फक्त त्याचे कारण वेगळे असते. एनडीपीएस कायद्यात गांजाची व्याख्या ‘फुलांचे किंवा फळांचे शेंडे’ अशी आहे. शेंड्यांसोबत नसतील तर बी आणि पाने त्या व्याख्येतून वगळली आहेत. भांग वेगळी मानली जाते ती यामुळे. ती राज्यांच्या कायद्यांच्या कक्षेत येते आणि महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियमाखाली तिच्यावरही निर्बंध आहेत. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि वीस किलो हे व्यापारी प्रमाण मानले जाते. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, तर व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. अशा वेळी पोलिसांनी मुळे, खोड, पाने आणि ओली माती यांसह सारेच झाड तराजूत टाकले, तर माणसाच्या आयुष्यातील दहा वर्षे त्या वजनावर ठरतात. जप्त मालात शेंडे किती आणि पाने-काड्या किती, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही आला. २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना न्यायालयाने गांजाच्या या व्याख्येचाच आधार घेतला आणि शेंड्यांविना असलेली बी व पाने गांजा ठरत नाहीत, याकडे लक्ष वेधले.

एकच तुरा, दोन तराजू

नौगावचा पोद्दार शेतात उभा राहून जे पाहत होता, तेच आज बर्लिनचा माणूस भिंगातून पाहतो आणि तेच नागपूरचा वा मुंबईचा न्यायाधीश पंचनाम्यात शोधतो : झाडाला शेंडा आला होता का आणि तो किती होता? पहिल्यासाठी तो भावाचा प्रश्न होता, दुसऱ्यासाठी हौसेचा आहे, तिसऱ्यासमोर उभ्या असलेल्या आरोपीसाठी स्वातंत्र्याचा.

भिंग पीक तयार झाल्याचे सांगते. ते कापण्याचा अधिकार आहे की नाही, हे सांगत नाही. बर्लिनमधल्या जर्मन नागरिकाला तो अधिकार ५० ग्रॅमपुरता मिळाला आहे. त्याच मजल्यावर शेजारी राहणाऱ्या आणि भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या मराठी तरुणाने मात्र बियाण्याचे पाकीट विकत घेण्यापूर्वीच दोन्ही देशांचे कायदे वाचलेले बरे. रोप उगवल्यावर कापणीची वाट पाहण्यापेक्षा ते अधिक शहाणपणाचे ठरेल.